नव्या टीम लीडरसाठी: मेंदूबद्दल सध्या एवढंच

अभिनंदन! डोपामिन, मिरर न्यूरॉन वगैरे तूर्त बाजूला ठेवा, त्यात नवखा माणूस हरवतो.

आधी छोट्या खोट्यापासून सावध राहा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसलं, की माणूस स्वतःच्या फायद्यासाठी पुन्हापुन्हा खोटं बोलला की मेंदूतल्या अमिग्डालाची (भावनांशी जोडलेल्या भागाची) प्रतिक्रिया बोथट होत जाते आणि खोटं मोठं होत जातं. माझंच सांगतो. काम ७० टक्के झालेलं असताना रिपोर्टमध्ये ‘९०’ टाकलं. पहिल्यांदा बोट कीबोर्डवर अडखळलं, तिसऱ्या महिन्यात नाही. म्हणून पहिल्या टोचणीलाच आकडा खोडा.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- जागरणानंतर कुणाला झापणं. झोप अपुरी असली की भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग ढेपाळतो. मेल लिहा, पण सकाळी पाठवा.
- मीटिंगमध्ये एखाद्याला वगळणं. २००३ च्या एका प्रयोगात साध्या चेंडूच्या खेळातून वगळल्यावरही शारीरिक वेदनेशी जोडलेला मेंदूचा भाग सक्रिय झाला होता.
- ‘माझा मेंदूच तसा आहे’ ही सबब. (मीही वापरली आहे, चालत नाही.)

महिनाभर फक्त रिपोर्टमधले आकडे सांभाळा. बाकीचं नंतर बोलू.