विषाणूंचा संकर की प्रयोगशाळेतील भेसळ?

प्रश्न : जानेवारी २०२२ मध्ये सायप्रसमधून ‘डेल्टाक्रॉन’ची बातमी आली आणि ती प्रयोगशाळेतील चूक असावी, असे लगेच सांगितले गेले. पुढे मात्र डेल्टा आणि ओमिक्रॉन यांचा संकर खरोखरच सापडल्याचे वाचनात आले. खरे-खोटे ठरवतात कसे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : करोना विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची संपूर्ण जनुकीय माहिती, सुमारे ३० हजार अक्षरांचा (रासायनिक घटकांचा) आहे. एकाच पेशीत दोन प्रकारचे विषाणू शिरले, तर प्रत काढणारे विकर (एन्झाइम) मध्येच एका विषाणूचा आरएनए (जनुकीय माहितीचा रेणू) सोडून दुसऱ्याच्या आरएनएवरून पुढची प्रत काढू शकते. अशा संकरित विषाणूच्या जीनोमचा एक भाग एका जनकाचा आणि उरलेला दुसऱ्याचा असतो.

अडचण अशी, की प्रचलित पद्धतीत जीनोम सलग वाचला जात नाही. साधारण ४०० अक्षरांचे, टोकांना एकमेकांवर येणारे तुकडे वाढवून, ते वाचून संगणकावर जोडले जातात. डेल्टाच्या नमुन्यातील एखादा तुकडा नीट वाढला नाही आणि शेजारच्या नमुन्यातला ओमिक्रॉनचा अंश तेथे मिसळला, तर ती जागा ओमिक्रॉनच्या तुकड्याने भरली जाते आणि कागदावर हुबेहूब संकर उभा राहतो. एकाच रुग्णाला दोन्ही प्रकारांची लागण झाली असेल, तरीही असाच भास होऊ शकतो.

म्हणून केवळ जोडून तयार झालेल्या क्रमावर विसंबता येत नाही. मूळ वाचने, म्हणजे यंत्राने वाचलेले सुटे तुकडे, तपासावी लागतात. जेथे दोन्ही जनकांची अक्षरे वेगळी आहेत, त्या प्रत्येक जागी जवळजवळ सर्व वाचनांनी एकच अक्षर दाखवले पाहिजे. एका जनकाचा भाग संपून दुसऱ्याचा सुरू होतो, त्या सांध्यावरून जाणाऱ्या एकाच सलग वाचनात अलीकडे एका जनकाच्या आणि पलीकडे दुसऱ्याच्या खुणा आढळल्या, तर पुरावा बराच भक्कम होतो. तोच सांधा वेगवेगळ्या रुग्णांत, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत सापडला, तर भेसळीची शंका फारशी उरत नाही. सायप्रसमधील नमुने येथेच संशयास्पद ठरले : ते डेल्टाच्या वंशवृक्षावर विखुरलेले होते, आणि एकाच संकरातून जन्मलेली संतती अशी विखुरलेली नसते. फ्रान्समध्ये सापडलेला आणि ‘एक्सडी’ असे नाव मिळालेला विषाणू मात्र या कसोट्यांना उतरला. तो प्रयोगशाळेत वाढवताही आला. त्यात मुख्य भाग डेल्टाचा, तर स्पाइक प्रथिनाचा बहुतांश भाग ओमिक्रॉनचा होता. तो फारसा पसरला नाही. त्याच वर्षी भारतासह अनेक देशांत पसरलेला ‘एक्सबीबी’ हा ओमिक्रॉनच्याच दोन उपप्रकारांचा संकर होता.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. दोन्ही जनक जवळजवळ सारखे असतील, तर खुणाच नसल्यामुळे संकर ओळखता येत नाही. प्रत्यक्षात संकर आपल्याला दिसतात त्याहून अधिक घडत असणार. माझे आग्रहाचे मत आहे, की प्रत्येक प्रयोगशाळेने तयार क्रमासोबत मूळ वाचनेही खुली करावीत. त्यांच्याविना इतरांना पडताळणी करताच येत नाही.

प्रश्न : २००९ मध्ये पुण्यात पसरलेला स्वाइन फ्लूही असाच संकर होता का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संकर होता, पण वेगळ्या रीतीचा. इन्फ्लूएन्झा ए विषाणूचा जीनोम आठ सुट्या खंडांत असतो आणि दोन विषाणू एका पेशीत आले, की अख्ख्या खंडांची अदलाबदल होते. २००९ च्या विषाणूत सहा खंड उत्तर अमेरिकेतील डुकरांमध्ये आधीपासून फिरणाऱ्या, स्वतःच संकरित असलेल्या विषाणूंचे होते, तर दोन युरोप-आशियातील डुकरांमधील विषाणूंचे. येथे सांधा शोधावा लागत नाही. प्रत्येक खंडाचा वंशवृक्ष स्वतंत्रपणे काढला, की कोणता खंड कोठून आला ते कळते.