फँटोमिना वाचताना

एलायझा हेवुड या इंग्रज लेखिकेची 'फँटोमिना' (१७२५) ही कादंबरिका छोटीशीच आहे, तिच्यापासूनच सुरुवात कर. पण "शेवटी फसलीच ना बाई" असा निकाल लगेच देऊ नकोस. नाटकगृहात नायिका वेश्येचं सोंग घेते ते निव्वळ कुतूहलापोटी. पुढे तिच्यावर भाळलेला बोप्लेझीर जबरदस्ती करतो. तो भाग घाईत उरकू नकोस, खरी गाठ तिथेच आहे. त्याचं मन उडालं की ही इंग्लंडमधल्या बाथ शहरात मोलकरीण सीलिया! केस-भुवया काळ्या, अंगात आखूड लाल परकर, बोली गावंढळ. मग विधवा ब्लूमर, मग मुखवट्यातली इन्कॉग्निटा. पठ्ठ्याला पत्ताच नाही. प्रत्येक सोंगात काय बदललं ते पेन्सिलीने खुणावत जा. आणि हो, तिचं खरं नाव शोधत बसू नकोस, लेखिकेने ते दिलेलंच नाही.