‘गरज पडल्यास’ म्हणजे नक्की कोणाला?

तुम्ही विचारलंय की एकाच वॉर्डात, सारख्याच ऑपरेशननंतर शेजारच्या बाईंना मागताक्षणी इंजेक्शन मिळालं आणि तुमच्या आईला दोनदा सांगूनही थांबवलं. मग नर्स दुखणं बघतात की माणूस?

सतरा वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली आहेत, त्यामुळे खरं सांगते. पुष्कळदा माणूसच बघतो. ठरवून नाही, पण बघतो.

याचं मूळ औषधाच्या कागदावरच आहे. वेदनाशामकापुढे डॉक्टर बऱ्याचदा ‘एसओएस’ लिहितात, म्हणजे गरज पडल्यास. पण गरज पडली हे ठरवतं कोण? ठसक्यात मागणारा, नातेवाईक हाताशी असलेला, आमची भाषा बोलणारा पेशंट आधी मिळवतो. भिडस्त माणूस ओठ आवळून पडून राहतो आणि आम्ही लिहितो, ‘तक्रार नाही’.

ज्याला बोलताच येत नाही त्याचं तर विचारूच नका. 1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांची कित्येक ऑपरेशनं नाममात्र भूल देऊन, फक्त हालचाल थांबवणाऱ्या औषधावर व्हायची, कारण इतक्या लहान जिवाला फारसं दुखत नाही असा समज होता. आणि हे समज जुन्या काळातच राहिलेत असंही नाही. 2016 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना, काळ्या लोकांची कातडी जाड असते यासारखी एखादी तरी खुळचट गोष्ट खरी वाटत होती. ज्यांना ती वाटत होती, त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं.

मी स्वतः काय केलं तेही सांगते. हाताला प्लास्टर घातलेला एक तरुण मुलगा होता. ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सांगताना, आधीच्या ड्यूटीची सिस्टर म्हणाली, “नऊ नंबर फार नाटकी आहे.” झालं, माझे कान तिथेच बंद. त्याने बेल वाजवली. मी बोटं पाहिली, गरम होती. नाडी लागत होती. “आत्ताच इंजेक्शन दिलंय ना, जरा धीर धर,” म्हणून निघून आले. तासाभराने राउंडला आलेल्या रेसिडेंट डॉक्टरांनी त्याची बोटं हलकेच सरळ केली आणि तो असा किंचाळला की अख्खा वॉर्ड जागा झाला. कंपार्टमेंट सिंड्रोम. आतल्या सुजेचा दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत चालला होता. यात नाडी बहुतेकदा लागतेच, हे मी शिकलेली होते. इंजेक्शनालाही न जुमानणारं दुखणं हीच पहिली खूण, हेही. प्लास्टर कापलं, रात्रीच ऑपरेशनला नेलं, हात वाचला. दुसऱ्या दिवशी तोच मला म्हणाला, “सॉरी सिस्टर, काल फार आरडाओरडा केला.”

ओव्हर देताना ‘नाटकी’ हा शब्द मी त्यानंतर वापरलेला नाही. ऐकला की मुद्दाम त्या खाटेकडे आधी जाते.

आता तुमच्या आईचं. थांबवायला कारण असूही शकतं: बीपी खाली आलेलं, किडनीचा त्रास, फार गुंगी, आधीच्या डोसला पुरेसा वेळ न झालेला. सगळ्यांना सारखीच मात्रा द्या, असं माझं म्हणणं नाही. पण जे कारण होतं ते त्यांना सांगायला हवं होतं. “थांबा” एवढंच बोलून जाणं, हा उपचार नव्हे.

उद्या डॉक्टरांना विचारा, एसओएसऐवजी ठरावीक वेळांना औषध लिहिता येईल का. सिस्टरशी बोलताना नुसतं “खूप दुखतंय” म्हणू नका. “खोकता येत नाही, कूस बदलवत नाही, इंजेक्शन देऊन तास झाला तरी तसंच आहे,” असं सांगा. शून्य ते दहातला आकडा चार्टवर लिहायला लावा. आणि तिसऱ्यांदा मागायला आई संकोचत असेल, तर बेल तुम्ही वाजवा.