सांता क्लारा काउंटीतील घराचा कर: शेजाऱ्यापेक्षा चौपट का, आणि ही जादा बिले कशाची?

आपण मार्च महिन्यात सनीव्हेलमध्ये १५ लाख डॉलरना टाउनहाउस घेतलेत. शेजारच्या हुबेहूब तशाच घराचा वर्षाचा कर ४,००० डॉलरच्या आसपास आहे आणि आपला मात्र १८,००० च्या घरात जातो. शिवाय बँक एस्क्रोतून (कर्जाच्या हप्त्याबरोबर करासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांच्या खात्यातून) कर भरत असूनही आपल्या नावाने आणखी दोन बिले आली, तेव्हा यात नेमके काय चुकले आहे, असे आपण विचारले आहे. बहुधा काहीच चुकलेले नाही. पुण्या-मुंबईच्या घरपट्टीची सवय असलेल्या माणसाला हा प्रकार उफराटा वाटतो, कारण तिकडे एकाच इमारतीतल्या दोन सारख्या फ्लॅटांची पट्टी साधारण सारखीच येते. कॅलिफोर्नियात मात्र घर कसे आहे यापेक्षा ते आपण केव्हा आणि केवढ्याला घेतले, यावर कर ठरतो.

हा नियम जून १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’चा आहे. मूळ कर निर्धारित मूल्याच्या (म्हणजे करासाठी काउंटीच्या दप्तरी लावलेल्या घराच्या मूल्याच्या) १ टक्का, आणि ते मूल्य वर्षाला महागाई निर्देशांकाप्रमाणे, पण २ टक्क्यांपेक्षा अधिक वाढवायचे नाही. मालकी बदलली किंवा नवे बांधकाम झाले, तरच ते पुन्हा बाजारभावाला आणायचे. शेजाऱ्यांनी १९८५ साली दीड लाखाला घर घेतले असेल, तर चाळीस वर्षे पूर्ण २ टक्के वाढ धरली तरी त्यांचे मूल्य ३ लाख ३१ हजारांच्या फारसे पुढे जात नाही. (एवढी वाढही दरवर्षी होत नाही, २०१०-११ साठी निर्देशांकच उणे निघाल्याने मूल्ये किंचित खाली आली होती.) हे अन्यायाचे आहे असे आपल्याआधी अनेकांना वाटले. लॉस एंजेलिसमध्ये १९८८ साली घर घेतलेल्या स्टेफनी नॉर्डलिंगर यांचा कर जुन्या शेजाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट येत होता. त्या थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९२ साली आठ विरुद्ध एक अशा मताने हरल्या. त्यामुळे शेजाऱ्याचे बिल पुढे करून काउंटीशी भांडण्यात अर्थ नाही. खरे तर आपणही आता त्याच रांगेत उभे आहात; दहा वर्षांनी आपल्या शेजारी येणारा माणूस आपल्याकडे बोट दाखवील.

आता त्या दोन बिलांकडे येतो, कारण नव्या मालकांची सर्वात जास्त तारांबळ इथेच उडते. काउंटीचे करवर्ष १ जुलै ते ३० जून असे असते, परंतु त्यासाठीचे मूल्य त्याआधीच्या १ जानेवारीला ठरते. आपण मार्चमध्ये घर घेतलेत, म्हणजे १ जानेवारीला दप्तरात आधीच्या मालकाचेच जुने मूल्य होते. ते ४ लाख होते असे धरू. जुन्या आणि नव्या मूल्यातला फरक ११ लाखांचा, आणि स्थानिक रोख्यांच्या (मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जांच्या) फेडीसह दर १.२ टक्के धरला, तर वर्षाचा फरक १३,२०० डॉलर होतो. मालकी बदलल्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून हा फरक लागू होतो. म्हणून एप्रिल ते जून या तिमाहीचे ३,३०० डॉलर हे पहिले पुरवणी बिल, आणि जुलैपासूनच्या संपूर्ण वर्षाचे १३,२०० हे दुसरे. जानेवारी ते मे या काळात खरेदी झाली की दोन बिले येतात. जून ते डिसेंबर या काळात झाली की एकच.

पुरवणी बिल बँकेकडे जात नाही, थेट मालकाच्या पत्त्यावर येते. बँक एस्क्रोतून भरते ते नेहमीचे वार्षिक बिल, आणि तेही यंदा जुन्या मूल्यावरचे, म्हणजे ४,८०० च्या आसपासचे असेल. पुढच्या वर्षी वार्षिक बिलच १८,००० वर गेले की बँक एस्क्रोचा हिशेब नव्याने मांडील आणि मासिक हप्ता चांगलाच वाढेल, याची तजवीज आत्तापासून ठेवावी. पुरवणी बिलांच्या मुदती त्यांच्यावरच छापलेल्या असतात. वार्षिक बिलाचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत आणि दुसरा १० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. चुकल्यास १० टक्के दंड, आणि बिल पोस्टात गहाळ झाले ही सबब चालत नाही.

बिलावर दरांच्या खाली काही ठराविक रकमाही असतात: शाळांचे पार्सल टॅक्स (दर मालमत्तेमागचा ठोक कर), सांडपाणी, डासनिर्मूलन वगैरे. त्यांचा घराच्या मूल्याशी संबंध नसतो. पासष्ट वर्षांवरील मालकांना बहुतेक शाळा-डिस्ट्रिक्ट पार्सल टॅक्समधून सूट देतात, मात्र त्यासाठी डिस्ट्रिक्टकडे अर्ज करावा लागतो. आईवडिलांच्या नावावर घर असलेल्यांनी हे जरूर पाहावे.

मूल्य असेसरचे कार्यालय ठरवते आणि वसुली दुसरे खाते करते. वसुली खात्याच्या खिडकीवर मूल्याबद्दल कितीही वाद घातला तरी तिथला माणूस एक डॉलरही कमी करू शकत नाही. मूल्य मान्य नसेल तर पुरवणी नोटीस धाडल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत, आणि वार्षिक मूल्याबाबत २ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात अपील करता येते. मात्र खुल्या बाजारात दिलेली किंमत हेच मूल्य, असे कायदा गृहीत धरत असल्याने, आत्ताच अपील करून आपल्या हाती काही लागेल असे मला वाटत नाही. पुढे बाजार पडला आणि १ जानेवारीचा भाव आपल्या मूल्याखाली गेला, तर तात्पुरती कपात मागता येते आणि ती मागावीच. फक्त बाजार सावरला की ते मूल्य एका वर्षात २ टक्क्यांहून कितीतरी जास्त वर जाऊ शकते, म्हणजे खरेदीच्या मूल्यात दरवर्षीची २ टक्क्यांपर्यंतची वाढ मिळवून येणाऱ्या मर्यादेपर्यंत, आणि तेव्हा लोक कायदा मोडला म्हणून ओरड करतात. अपील चालू असले तरी बिल वेळेवर भरायचेच असते. जिंकल्यास परतावा मिळतो.

घर पत्नीच्या नावे करायचे किंवा स्वतःच्या लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीतच केलेल्या, स्वतःच्या ताब्यातल्या विश्वस्त निधीत) टाकायचे असल्यास मूल्य बदलत नाही, त्याची धास्ती नको. मुलांच्या नावे करण्याचे नियम मात्र १६ फेब्रुवारी २०२१ पासून कडक झाले आहेत: मूल त्या घरात स्वतः राहायला येणार असेल तरच जुने मूल्य टिकते, आणि तेही मर्यादेतच. भाड्याने दिलेल्या घराला ही सवलत नाही.

राहत्या घराची सूट मूल्यातून ७,००० डॉलर वजा करते, म्हणजे वर्षाला सत्तर-ऐंशी डॉलर वाचतात. अर्ज एकदाच आणि फुकट करायचा असतो. खरेदीनंतर सरकारी वाटावे अशा लिफाफ्यातून, शुल्क घेऊन हा अर्ज भरून देतो असे सांगणारी खासगी पत्रे येतात. ती सरळ फाडून टाकावीत आणि असेसरने पाठवलेला अर्ज सही करून धाडावा.