शंका-समाधान : कपाटातल्या चार पाटल्या

प्रश्न : आदरणीय फादर, माझे वय 61 असून मी बँकेतून निवृत्त झाले आहे. गेली आठ वर्षे रोज सकाळी त्या दिवसाच्या शुभवर्तमानावरील चिंतन माझ्या मोबाइलवर येते. चहाच्या आधी मी ते वाचते आणि जपमाळेच्या गटातील बायकांनाही पाठवते. तरी माझ्यात काडीचाही फरक पडलेला नाही. सासूबाई गेल्यावर त्यांच्या दागिन्यांवरून धाकट्या जाऊबाईंशी बोलाचाली झाली आणि बोलणेच तुटले. त्या हिंगणा रस्त्याला राहतात, पण 11 वर्षांत आम्ही एकमेकींचा उंबरा ओलांडलेला नाही. (सासूबाईंच्या चारही पाटल्या माझ्याकडेच राहिल्या, हे खरे आहे.) मनातला हा आकस मी दर उपवासकाळात कन्फेशनमध्ये सांगते, पापक्षमा मिळते, आणि पुनरुत्थानाचा सण होतो न होतो तोच आकस पुन्हा जागच्या जागी असतो. माझा पश्चात्ताप खोटा आहे का? मी आणखी काय वाचावे?
– एक भगिनी, सदर, नागपूर

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तूर्त नवीन काहीही वाचू नये. आठ वर्षे जे वाचले तेच पुन्हा उघडावे. सामान्य काळात, म्हणजे उपवासकाळ, नाताळ असे खास काळ सोडून उरलेल्या दिवसांत, मिस्सेतले (चर्चमधल्या उपासनेतले) आठवड्याच्या दिवसांचे पहिले वाचन सम आणि विषम वर्षांत वेगवेगळे असते, परंतु शुभवर्तमान दरवर्षी तेच असते. त्यामुळे 33व्या आठवड्यातल्या मंगळवारी, म्हणजे दर नोव्हेंबरात, लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातील जक्कयाची गोष्ट येते. तसेच उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी मत्तयच्या पाचव्या अध्यायातला तो उतारा येतो, ज्यात वेदीपाशी आणलेले अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. हे दोन्ही उतारे आजवर प्रत्येकी आठ वेळा तरी आपल्या मोबाइलवर आले असणार आणि गटातही गेले असणार.

आपल्या पत्रात आकसासाठी बऱ्याच ओळी खर्ची पडल्या आहेत आणि पाटल्यांसाठी एकच, तीही कंसात. मला मात्र आपले पत्र त्या कंसापासूनच वाचावेसे वाटले.

जक्कय हा यरीहोतील मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कयाला काय वाटले, तो किती रडला, किती रात्री तळमळला, यांपैकी काहीही लूक सांगत नाही. त्याला आनंद झाला एवढेच लिहून तो थेट व्यवहारावर येतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून घेतले असेल त्याला चौपट परत. येशूने अशी मागणी केली होती असेही तिथे लिहिलेले नाही. ख्रिस्तसभेने प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे कन्फेशनमध्ये, पापी माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षिल्या आहेत, आणि ट्रेंट येथे भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेने 1551 साली त्या नेमक्या शब्दांत मांडल्या : मनापासूनचा खेद, पापांची कबुली आणि भरपाई. यांतल्या पहिल्या दोन आपण 11 वर्षे पाळत आला आहात. तिसरीच्या नावाने धर्मगुरूंनी सांगितलेल्या पाच ‘नमो मरिया’ आपण म्हटल्या असतील. त्या म्हणाव्यातच, परंतु दुसऱ्याचे जे आपल्याकडे राहिले आहे ते परत करणे हाही भरपाईचाच भाग आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट सांगते. पाटल्यांचा निवाडा मी इथे बसून करू शकत नाही. सासूबाईंनी त्या जाणीवपूर्वक, स्वतःच्या हाताने आपल्यालाच दिल्या असतील तर गोष्ट निराळी. परंतु तसे असते तर आपण त्यांना कंसात ठेवले नसते, असे मला वाटते.

आता ‘खोटा’ या शब्दाविषयी. आपला पश्चात्ताप खोटा नाही, तो निम्म्या वाटेवर थांबला आहे. कबुली देताना पुन्हा पाप न करण्याचा निश्चय हवा, हे खरे. पण पुढे पुन्हा पडण्याची भीती वाटणे म्हणजे निश्चय नसणे नव्हे. आपल्या नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स (1567–1622) यांनी या बाबतीत संसारी माणसांना दिलेला सल्ला मला फार आवडतो. पडल्यावर स्वतःच्या हृदयावर वसकन ओरडू नये, पडलेल्या लेकराची समजूत घालावी तशी त्याची समजूत घालून त्याला उठवावे, असे ते सांगतात. स्वतःवर चिडण्यात पुष्कळदा अहंकारच लपलेला असतो : माझ्यासारखीच्या हातून असे व्हावेच कसे, हा. दर उपवासकाळी स्वतःला ‘आकस धरणारी वाईट बाई’ म्हणून घेणे एका अर्थी सोपे आहे, कारण त्यासाठी कपाट उघडावे लागत नाही.

मात्र एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझे उत्तर वाचून आपण उद्याच पाटल्या पुतण्याच्या हाती पाठवून मोकळ्या व्हाल. येशूला पकडले त्या गुरुवारच्या रात्री आणि शुक्रवारच्या सकाळी दोन शिष्यांना आपापल्या पापाची जाणीव झाली. येशूला धरून देण्यासाठी घेतलेली 30 नाणी यहूदा इस्कार्योताने परत नेली. येशूला ओळखतच नाही असे तीनदा सांगणाऱ्या पेत्राने काहीच परत केले नाही, करण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. हिशेबाने पाहिले तर यहूदाची भरपाई पूर्ण झाली होती. पण त्याने ती नाणी मंदिरात फेकली आणि तो एकटाच निघून गेला. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो वळला नाही. मत्तयने यहूदासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद मनाला लागलेली टोचणी दाखवते. ‘पश्चात्ताप करा’ या येशूच्या हाकेत आहे ते क्रियापद वेगळे, मन पालटण्याचे. पेत्र मात्र नाकारूनही माघारी आला, आणि योहानच्या 21व्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्राकाठी, तीनदा नाकारणाऱ्याला तीनदाच विचारले गेले : माझ्यावर प्रीती करतोस काय?

म्हणून पाटल्या घेऊन आपण स्वतः जावे. शक्य तर यजमानांना आधी सांगून, पण त्यांना मध्यस्थ न करता. जुन्या भांडणाची उजळणी करू नये. कोणी काय म्हटले होते याची यादी जाऊबाईंकडेही तयार असणार. “या सासूबाईंच्या, यांत तुमचा वाटा आहे, तो मी ठेवून घेतला, माझे चुकले,” एवढे बोलणे पुरे. त्यांनी दार लावून घेतले तर? “शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहा,” असे संत पौल रोमकरांना लिहितात, आणि ‘तुमच्याकडून’ या शब्दात आपली हद्द आखलेली आहे. पाटल्या तरीही तिथे ठेवूनच यावे.

प्रश्न : मी मिहानमध्ये रात्रपाळी करतो. रोजच्या मिस्सेला जाणे जमत नाही, म्हणून सकाळी खापरीहून मेट्रोने परतताना दिवसाचे चिंतन ऐकतो. पण मूळ शास्त्रवाचन राहूनच जाते. चिंतन पुरेसे नाही का?
– एक तरुण वाचक, मनीषनगर

उत्तर : पुरेसे नाही. चिंतन लिहिणाऱ्यांपैकी मीही एक असल्यामुळे हे सांगायला मला संकोच वाटायला नको. चिंतन म्हणजे दुसऱ्याने जेवून सांगितलेली चव. “शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचेच अज्ञान,” हे संत जेरोम यांचे वचन दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली मुद्दाम उद्धृत केले, ते केवळ धर्मगुरूंसाठी नव्हते.

रात्रभर जागून आलेल्या माणसाला मी फार मोठा अभ्यास सांगणार नाही. मार्ककृत शुभवर्तमान सर्वांत लहान आहे. 16 अध्याय, रोज एक घेतला तर 16 दिवस. वाचताना डोळे मिटत असतील तर एकाच ओळीवर थांबावे आणि तीच दिवसभर सोबत ठेवावी. संत फ्रान्सिस डी सेल्स यालाच बागेतून निघताना हाती घेतलेली फुले म्हणत : सगळी बाग नेता येत नाही, पण दोन फुले हुंगत घरी जाता येते. मार्क वाचून झाल्यावर त्या दिवसाच्या मिस्सेचे शुभवर्तमान आधी वाचावे आणि मग हवे तर चिंतन ऐकावे. हा क्रम उलटवू नये, कारण एकदा दुसऱ्याचा अर्थ कानात बसला की आपले डोळे तेवढेच शोधतात.

प्रवासात वाचन नीट होत नाही अशी सबब मात्र आपण नागपूरकरांनी सांगू नये. मराठी कवी नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती 1893 साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात, एका युरोपीय सहप्रवाशाकडून. टिळक पुढे आपल्या कॅथलिक पंथात आले नाहीत, पण डोंगरावरील प्रवचनाने त्यांना कसे धरून ठेवले, हे प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाला ठाऊक आहे. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

प्रश्न : कबुलीच्या वेळी इतरांचे डोळे भरून येतात, मला कधीच रडू येत नाही. माझे मन निबर झाले आहे का?
– एक शिक्षिका, कामठी

उत्तर : तसे समजू नये. पापाचा खेद हा इच्छेचा निर्णय आहे. अश्रू हे स्वभावाचे, तब्येतीचे आणि कधीकधी शेजारी रडणाऱ्यांचेही देणे असते. देवावरील प्रेमापोटी झालेला खेद श्रेष्ठ खरा, परंतु पापाच्या किळसेने किंवा शिक्षेच्या भीतीने झालेला खेदही, पाप सोडण्याची इच्छा त्यात असेल तर, माणसाला या संस्काराच्या दारापर्यंत आणतो, असे ट्रेंटच्या त्याच धर्मसभेने म्हटले आहे. रांगेत उभे असताना इतरांच्या चेहऱ्यांकडे न पाहता 51वे स्तोत्र, ती पश्चात्तापाची प्रार्थना, सावकाश वाचावे, आणि आत गेल्यावर केलेल्या पापाचे नाव आडवळण न घेता सांगावे. फादर अश्रूंची विचारपूस करणार नाहीत.