जॉब अ‍ॅनालिसिससाठी पहिल्यांदाच कामाच्या ठिकाणी जायचं आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (ओटी, म्हणजे आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे थेरपिस्ट) तिथे नेमकं काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की कंबरदुखीचा पेशंट पॅकिंगच्या कामावर परत जायचा आहे, त्याआधी त्याच्या कामाचं अ‍ॅनालिसिस करून आणायला सांगितलंय, हातात चेकलिस्ट आहे, तरी सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

सुरुवात पेशंटला थोडा वेळ बाजूला ठेवून करा. अ‍ॅनालिसिस कामाचं असतं, माणसाचं नाही. 'त्याला जमेल का' हे नंतर बघू. आधी ते काम कुणाकडूनही काय मागतं ते कागदावर यायला हवं, आणि तेही आकड्यांत. 'वजन जड आहे', 'बरंच वाकावं लागतं' असं लिहिलंत तर डॉक्टर, मालक आणि पेशंट तिघंही त्याचा आपापल्या सोयीने अर्थ लावतील.

एचआरकडून कामाचं लेखी वर्णन जरूर मागून घ्या, पण त्यावर विसंबू नका. त्यात 'माल पॅक करणे' एवढंच असतं. रिकामे पॅलेट (माल रचायचे सपाट चौथरे) ओढून बाजूला करणं, सरकत्या पट्ट्यावर अडकलेलं खोकं वाकून सोडवणं, शिफ्ट संपताना झाडलोट करणं हे त्यात कुठेच नसतं, आणि कंबर अनेकदा तिथेच भरते. शिवाय तुम्ही वही घेऊन उभे राहिलात की पहिली काही मिनिटं सगळे अगदी शिस्तीत गुडघे वाकवून उचलतात. थांबा. कामाचा रेटा आला की खरी पद्धत दिसते.

मी सर्वात आधी बघते ते कामगारांनी स्वतः केलेले जुगाड. टेबलाच्या कडेला चिकटवलेला फोमचा तुकडा म्हणजे तिथे मनगट किंवा कोपर टोचतं. कटरच्या मुठीला गुंडाळलेली चिंधी म्हणजे मूठ बारीक आहे किंवा निसटते. पायाखाली घडी करून टाकलेला पुठ्ठा म्हणजे उभं राहून राहून पाय दुखतात. हे कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं. 'हे कशासाठी लावलंय?' एवढं विचारलं की माणसं भरभरून बोलतात.

मग टेप काढा. उचलण्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेचं 1991 साली सुधारलेलं सूत्र वापरतात. त्यात सगळं जमून आलं तर शिफारस केलेलं वजन 23 किलो धरतात, आणि परिस्थिती बिघडेल तसं ते घटत जातं. समजा, बाजूला मुठी असलेलं 12 किलोचं खोकं आहे. उचलताना हात जमिनीपासून 15 सेंमीवर, घोट्यांच्या मध्यापासून 50 सेंमी पुढे. ते 90 सेंमी उंचीपर्यंत न वळता न्यायचंय आणि असं अधूनमधूनच करायचंय. हिशेब केला तर शिफारस येते साधारण 8.3 किलो. म्हणजे 12 किलो जवळजवळ दीडपट झाले. आता पॅलेट उंच करून हात 75 सेंमीवर आणा आणि मधला अडथळा काढून घोट्यांपासूनचं अंतर 30 सेंमी करा. त्याच खोक्यासाठी शिफारस 19 किलोच्या वर जाते! खोकं तेच, माणूस तोच. म्हणून 'नीट वाका' असं प्रशिक्षण देण्याआधी माल कुठे ठेवलाय ते बघा. फक्त हे सूत्र एका हाताने उचलणं, बसून उचलणं, ढकलणं-ओढणं यांना लावू नका. ट्रॉली ढकलण्यासाठी फोर्स गेज (जोर मोजायचं उपकरण) न्या, आणि ती थांबलेली असताना हलवायला लागणारा जोर वेगळा नोंदवा. चालत्या ट्रॉलीपेक्षा तो जास्त असतो.

मान, खांदे, मनगटासाठी रूला (RULA, 1993) आणि पूर्ण शरीरासाठी रेबा (REBA, 2000) या शरीराची ठेवण तपासायच्या पद्धती आहेतच. दोन्ही एका क्षणाच्या पोझला गुण देतात, त्यामुळे कुठला क्षण निवडला आणि का, ते लिहा. व्हिडिओ काढणार असाल तर कामगाराची आणि व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्या.

शारीरिक भागातच अडकू नका. कामाचा वेग कोण ठरवतं, माणूस की पट्टा? लेबल वाचून कोड जुळवावे लागतात का? आवाज, उजेड, सुट्टी कधी? आपण ओटी आहोत, हे आपणच विचारायचं.

रिपोर्टमध्ये 'कधीकधी', 'वारंवार', 'सतत' हे शब्द ठरलेल्या अर्थानेच वापरा: शिफ्टच्या एक तृतीयांशापर्यंत, एक ते दोन तृतीयांश, आणि त्याहून जास्त. आठ तासांच्या शिफ्टमध्ये पहिली मर्यादा 2 तास 40 मिनिटांची. कोणती कामं टाळताच येणार नाहीत आणि कोणती दुसऱ्याला देता येतील, हे सुपरवायझरला आणि काम करणाऱ्याला वेगवेगळं विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा. हा कागद तयार झाला की मगच पेशंटच्या क्षमतेची तपासणी त्याच्या शेजारी ठेवायची, ओळीला ओळ लावून.