वाचकांचे प्रश्न : सार्वजनिक दूरचित्रवाणीचा वसंत आणि प्रेक्षकाचे हक्क

गेल्या अंकात आम्ही अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांचा रोख मुख्यतः दोन गोष्टींवर आहे. मार्च ते जून या काळात ही केंद्रे काय दाखवणार, ही पहिली. आणि 2026 सारख्या मध्यावधी निवडणुकीच्या वर्षी एका साध्या प्रेक्षकाला त्यांच्या कामकाजात कितपत शिरकाव आहे, ही दुसरी. सारख्या आशयाचे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी नुकताच ह्यूस्टनला आलो आहे. येथील सार्वजनिक केंद्र आपल्या दूरदर्शनसारखे सरकारी असावे, अशी माझी समजूत होती; पण मार्च उजाडताच कार्यक्रम मध्येच थांबवून निवेदक देणग्या मागू लागले. सरकारी वाहिनीला वर्गणी कशासाठी लागते?

उत्तर : हे केंद्र दूरदर्शनच्या अर्थाने सरकारी नाही. योगायोग असा की, ज्या केयूएचटी केंद्राविषयी आपण बहुधा विचारत आहात, ते देशातील पहिले शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्र होय. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने, म्हणजे एफसीसीने, 1952 मध्ये 242 वाहिन्या बिगरव्यापारी शैक्षणिक उपयोगासाठी राखून ठेवल्या आणि पुढच्याच वर्षी, 25 मे 1953 रोजी, ह्यूस्टन विद्यापीठाच्या आश्रयाने हे केंद्र सुरू झाले. आजही अशा केंद्रांचे परवाने कुठे विद्यापीठाकडे, कुठे राज्याच्या मंडळाकडे, तर कुठे नागरिकांनी स्थापन केलेल्या ना-नफा संस्थेकडे असतात. पीबीएस ही या केंद्रांची सभासद-संस्था आहे, त्यांची मालक नव्हे.

पैशाचा प्रश्न 1967 च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याशी निगडित आहे. त्या कायद्याने सीपीबी नावाचे महामंडळ निर्माण केले आणि संघराज्याचा पैसा त्याच्यामार्फत केंद्रांपर्यंत पोहोचू लागला. दूरचित्रवाणीच्या एकूण व्यवस्थेत या पैशाचा वाटा सरासरीने साधारण 15 टक्के होता. काही लहान ग्रामीण केंद्रांचे मात्र निम्म्याहून अधिक उत्पन्न त्यातूनच येई. जुलै 2025 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पुढील दोन वर्षांसाठी आधीच मंजूर केलेले सुमारे 110 कोटी डॉलर परत घेतले, ऑगस्टमध्ये महामंडळाने काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले आणि जानेवारी 2026 मध्ये त्याच्या संचालकांनी विसर्जनाचा ठराव केला. त्यामुळे मार्चमधील देणगी-मोहिमेला, जिला येथे सर्वजण ‘प्लेज ड्राइव्ह’ म्हणतात, यंदा वेगळेच वजन आले आहे. एरवी या मोहिमेतील जुन्या गाण्यांच्या मैफली आणि आरोग्यविषयक व्याख्याने पाहून कंटाळा येतो, हे आम्हीही मान्य करतो.

व्यापारी जाहिरात दाखवण्याची या केंद्रांना मुभा नाही. प्रायोजकाचे नाव सांगता येते. परंतु वस्तूची किंमत सांगणे, ती इतरांपेक्षा सरस म्हणणे किंवा ‘आजच खरेदी करा’ असे आवाहन करणे नियमात बसत नाही. राजकीय जाहिरातीही घेता येत नाहीत, म्हणून निवडणुकीच्या हंगामात व्यापारी वाहिन्यांकडे वाहणारा पैसा या केंद्रांच्या दारावरूनही जात नाही.

प्रश्न : माझी बहीण मिनेसोटात राहते आणि मी आयडाहोत. दोघी पीबीएसच पाहतो, तरी आमची कार्यक्रमपत्रिका जुळत नाही. या वसंतात काय पाहावे, हे कसे ठरवावे?

उत्तर : कार्यक्रमपत्रिका जुळत नाही, कारण प्रत्येक केंद्र आपली पत्रिका स्वतः आखते. संध्याकाळच्या मुख्य वेळेतील बरेच राष्ट्रीय कार्यक्रम सगळीकडे एकाच दिवशी लागतात, पण दुपार, रात्री उशिराची वेळ आणि शनिवार-रविवार हे स्थानिक निर्णयाचे क्षेत्र असते. म्हणून राष्ट्रीय यादीपेक्षा आपल्या केंद्राचे मासिक पत्रक पाहावे.

दरवर्षी ठरून येणाऱ्या गोष्टी अशा : मार्चमध्ये स्त्री-इतिहासविषयक माहितीपट, 22 एप्रिलच्या वसुंधरा दिनाच्या आसपास निसर्ग आणि हवामान यांवरील भाग, मे महिन्यात आशियाई-अमेरिकी वारशाला वाहिलेले कार्यक्रम, आणि मेच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या, म्हणजे दिवंगत सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, आदल्या रविवारी, वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉल या संसदभवनाच्या पश्चिम प्रांगणात होणारी मैफल. ती 1989 पासून चालत आली आहे.

मात्र आमच्या मते या ऋतूतील सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित कार्यक्रम स्थानिक असतात. अनेक राज्यांची विधिमंडळे जानेवारी ते मे या काळातच बसतात. आपल्याकडे ‘आयडाहो रिपोर्ट्स’ अधिवेशनाच्या काळात विधेयकांचा मागोवा घेते, तर आपल्या भगिनींच्या राज्यात ‘अल्मॅनॅक’ 1984 पासून शुक्रवारी रात्री राज्याच्या राजकारणाची चर्चा घडवते. मालमत्ता कर, शाळांचे अनुदान, पाण्याचे हक्क हे विषय राष्ट्रीय बातम्यांत क्वचितच येतात. आपल्या घरखर्चावर मात्र त्यांचाच परिणाम आधी होतो.

असे कार्यक्रम रूक्ष असतात म्हणून ते कोणी पाहत नाही, हा आक्षेप जुना आहे. 17 मे 1973 रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कारकिर्दीतील वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीची सुनावणी सुरू झाली, तेव्हा सार्वजनिक केंद्रांनी ती दिवसा थेट दाखवलीच, शिवाय नोकरदारांसाठी रात्री संपूर्ण कामकाज पुन्हा दाखवले. रॉबर्ट मॅकनील आणि जिम लेहरर ही पत्रकारांची जोडी त्या सुनावणीतून प्रेक्षकांसमोर आली आणि पीबीएसच्या आजच्या रात्रीच्या बातम्यांचे मूळ त्यांच्याच पुढील कार्यक्रमात आहे. तासन्‌तास चाललेले साक्षीपुरावे प्रेक्षकांनी जागून पाहिले आणि केंद्रांकडे देणग्याही पाठवल्या.

प्रश्न : आमच्या मतदारसंघातील उमेदवारांची चर्चा केंद्राने आयोजित केली, पण मतपत्रिकेवर नाव असलेल्या एका अपक्षाला बोलावलेच नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या केंद्राला असा भेदभाव करता येतो का?

उत्तर : काही अटींवर येतो, आणि हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. 1992 मध्ये आर्कान्सॉच्या तिसऱ्या मतदारसंघातील राल्फ फोर्ब्स या अपक्ष उमेदवाराला तेथील राज्य-संचालित सार्वजनिक केंद्राने चर्चेला बोलावले नाही. फोर्ब्स न्यायालयात गेले. 18 मे 1998 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय लागला : अशी चर्चा म्हणजे कोणीही येऊन बोलावे असा खुला चव्हाटा नव्हे, केंद्राला संपादकीय निवड करता येते. पण ती निवड वाजवी हवी आणि उमेदवाराच्या मतांवरून केलेली नसावी. ज्याला लोकांचा पाठिंबा नगण्य आहे त्याला वगळता येईल. ज्याची भूमिका केंद्राला रुचत नाही त्याला नाही.

या निकालातील भिन्नमताकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा आक्षेप असा होता की, केंद्राने कोणतेही निश्चित निकष आधी लिहून ठेवले नव्हते आणि निर्णय कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर राहिला. हे मत अल्पसंख्य ठरले, तरी प्रेक्षकाच्या दृष्टीने कामाची सूचना त्यातच आहे. संघराज्याच्या पदांसाठी होणाऱ्या चर्चांना तर निवडणूक आयोगाचे नियम लागू होतात आणि त्यांनुसार निकष वस्तुनिष्ठ व पूर्वनिश्चित असावे लागतात. सार्वत्रिक निवडणुकीच्या चर्चेत केवळ ‘मोठ्या पक्षाचा उमेदवार’ हा एकच निकष चालत नाही. प्राथमिक निवडणुकीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, वेळी मात्र एकाच पक्षाच्या इच्छुकांपुरती चर्चा ठेवता येते.

म्हणून चर्चा झाल्यावर संतापाचे पत्र लिहिण्याऐवजी, ती जाहीर होताच केंद्राच्या कार्यक्रम-संचालकांना लिहून विचारावे, की आपले निकष कोणते आहेत, ते केव्हा ठरले आणि ते कोठे वाचायला मिळतील. यंदा टेक्सस आणि नॉर्थ कॅरोलायना येथील प्राथमिक निवडणूक 3 मार्चला, इलिनॉयमधील 17 मार्चला, पेनसिल्व्हेनियातील 19 मे रोजी आणि कॅलिफोर्नियातील 2 जूनला आहे, त्यामुळे विचारण्याचा काळ राज्यागणिक वेगळा आहे.

केंद्र स्वतः कोणाची बाजू घेऊ शकते का, असेही एका वाचकाने विचारले आहे. उमेदवाराला पाठिंबा देण्यास किंवा विरोध करण्यास कायद्याने बंदी आहे. सार्वजनिक प्रश्नांवर संपादकीय मत मांडण्यावरील बंदी मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये रद्द केली.

प्रश्न : मी एच-वन व्हिसावर आहे, मतदान करू शकत नाही. नागरी सहभागाच्या आवाहनांत माझ्यासारख्याला काही स्थान आहे का?

उत्तर : संघराज्याच्या निवडणुकीतील मतदान नागरिकांपुरते आहे आणि निवडणूक प्रचाराला देणगी देण्यास आपल्यासारख्या तात्पुरत्या रहिवाशांना मनाई आहे. सार्वजनिक केंद्राशी व्यवहार करण्यास यांपैकी कशाचाही अडसर नाही. ते पाहण्यास, त्याला प्रश्न विचारण्यास, त्याच्या सभांना बसण्यास आणि त्याला देणगी देण्यास कोणी नागरिकत्वाचा दाखला मागत नाही.

आता थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे, कारण हे हक्क दोन वेगळ्या उगमांतून आलेले आहेत आणि त्यांतील एक उगम आटला आहे.

पहिला उगम अनुदानाचा. 1967 च्या कायद्यात पुढे झालेल्या सुधारणांनी सीपीबीचा पैसा घेणाऱ्या केंद्रांवर काही अटी घातल्या : संचालक मंडळाच्या सभा जनतेला खुल्या असाव्यात, त्यांची सूचना पुरेशी आधी द्यावी, हिशेब पाहायला ठेवावेत, आणि राज्य किंवा तत्सम शासकीय संस्थेच्या मालकीची केंद्रे वगळता इतरांनी समाजातील विविध घटकांचे सल्लागार मंडळ नेमावे. कार्यक्रम स्थानिक गरजांना धरून आहेत की नाहीत, हे तपासणे हे या मंडळाचे काम. त्याला व्यवस्थापनावर अधिकार नसतो, पण त्याचा अभिप्राय संचालकांपुढे ठेवावा लागतो. या सर्व अटी अनुदानाशी बांधलेल्या होत्या. अनुदान गेल्यावर त्या अटींचा धाकही गेला; केंद्राने सभा खुल्या ठेवल्या तर त्या आता बहुतांशी स्वतःच्या धोरणाने किंवा राज्याच्या कायद्याने. जुलै 2025 नंतरच्या चर्चेत पैशाविषयी पुष्कळ बोलले गेले, या बाजूकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

दुसरा उगम परवान्याचा, आणि तो शाबूत आहे. प्रत्येक केंद्राला एफसीसीच्या संकेतस्थळावर सार्वजनिक तपासणीसाठी एक फाइल ठेवावी लागते. तीत दर तिमाहीला एक सूची भरावी लागते : आपल्या भागातील कोणते प्रश्न केंद्राने महत्त्वाचे मानले आणि त्यांवर कोणते कार्यक्रम, कोणत्या दिवशी, किती वेळ दाखवले. जानेवारी ते मार्च या तिमाहीची सूची 10 एप्रिलपर्यंत येते. ती कोणालाही फुकट वाचता येते.

आपण ती वाचून पाहावी, अशी आमची शिफारस आहे. समजा, आपल्या भागात स्थलांतरित वस्ती मोठी आहे आणि सूचीत त्या वस्तीच्या घरभाड्याचा, शाळांचा किंवा आरोग्यसेवेचा साधा उल्लेखही नाही. तर सल्लागार मंडळाच्या सभेत हाच कागद हाती धरून प्रश्न विचारता येतो. ‘आमच्याविषयी काही दाखवत नाही’ या तक्रारीला उत्तर देणे सोपे असते; केंद्राच्याच सूचीतील रिकाम्या जागेला उत्तर देणे अवघड जाते. सल्लागार मंडळे बहुधा नव्या सदस्यांच्या शोधात असतात, त्यामुळे अर्ज कसा करावा हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. मंडळ अस्तित्वातच नाही असे कळले, तर ते का मोडले आणि पुन्हा केव्हा नेमणार, हे लेखी विचारावे.

याशिवाय ग्रंथालयांत आणि महाविद्यालयांत माहितीपट मोफत दाखवून त्यावर चर्चा घडवण्याची पद्धत अनेक केंद्रांत आहे. तेथे जाणे हा केंद्रातील लोकांना प्रत्यक्ष भेटण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि तिला पत्रकारितेची आवड आहे. केंद्रात तिला काही करता येईल का?

उत्तर : पीबीएसच्या बातमी विभागाने 2009 मध्ये शालेय विद्यार्थ्यांकडून बातमीपट करवून घेणारा ‘स्टुडंट रिपोर्टिंग लॅब्स’ हा उपक्रम सुरू केला. तो शिक्षकांमार्फत चालतो, म्हणून प्रथम शाळेतील संबंधित शिक्षकांशी बोलावे. स्थानिक केंद्रांचे उन्हाळी प्रशिक्षणाचे अर्जही बऱ्याचदा वसंतातच मागवले जातात.

प्रश्न : देणगीच्या बदल्यात मिळणाऱ्या पिशवीचे आणि चहाच्या कपाचे करसवलतीत काय होते? आणि लहान देणगीला अर्थ आहे का?

उत्तर : साधारणपणे भेटवस्तूची बाजारातील किंमत वजा करून उरेल तेवढीच रक्कम देणगी समजली जाते, भेटवस्तू नाकारली तर पूर्ण रक्कम धरता येते. 2022 ते 2025 या करवर्षांत वजावटींची तपशीलवार यादी न देणाऱ्या करदात्यांना देणगीचा लाभ मिळत नसे. 2026 च्या करवर्षापासून त्यांनाही रोख देणगीवर 1,000 डॉलरपर्यंत, आणि पती-पत्नींनी संयुक्त विवरणपत्र भरल्यास 2,000 डॉलरपर्यंत, वजावट मिळते.

अनेक केंद्रांवर वर्षाला 60 डॉलर किंवा महिन्याला 5 डॉलर दिल्यास ‘पासपोर्ट’ ही सुविधा मिळते आणि जुने कार्यक्रम हवे तेव्हा पाहता येतात. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी देणे केंद्राला अधिक सोयीचे असते, कारण अंदाजपत्रक आखताना तिचा भरवसा धरता येतो. देणगी नेहमी आपल्या स्थानिक केंद्राच्या नावे द्यावी आणि ती विशिष्ट कामासाठी, उदाहरणार्थ विधिमंडळाच्या वार्तांकनासाठी, असावी असे वाटत असेल, तर तसे सोबतच्या पत्रात नमूद करून केंद्राला ती अट मान्य आहे का, हे आधी विचारून घ्यावे.